पितळी पुंगळीची ठासणी

पाइप ओढणाऱ्या माणसाजवळ पाइप, तंबाखूची पिशवी आणि काड्यापेटी यांच्या जोडीला आणखी एक लहानशी वस्तू असते आणि तिला मराठीत रूढ असे नाव नाही. इंग्रजीत तिला टॅम्पर म्हणतात. पाइपच्या वाटीत भरलेली तंबाखू पेटली की फुलून वर येते आणि निखारा विझू नये म्हणून तिला अधूनमधून हलकेच खाली बसवावे लागते. तेवढेच या वस्तूचे काम. आमचे अण्णा तिला ठासणी म्हणत. हा शब्द त्यांनी गावाकडच्या ठासणीच्या बंदुकीवरून उचलला होता, ज्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालून गजाने ठासावे लागतात. शब्द त्यांना आवडला म्हणून टिकला, पण कामाच्या दृष्टीने तो साफ चुकीचा आहे, कारण पाइपमध्ये जो तंबाखू ठासतो त्याचा पाइप दोन झुरक्यांत विझतो. तरीही मी या लेखात तोच शब्द वापरणार आहे, कारण आमच्या घरात दुसरा नाही.

अण्णा माझगावच्या बाजूला एका गोदीत ड्राफ्ट्समन होते. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत आरामखुर्ची टाकून ते पाइप पेटवीत आणि निखारा अंगठ्याने दाबीत, त्यामुळे त्यांच्या उजव्या अंगठ्याचे टोक कायमचे काळवंडलेले असे. महायुद्धावरून परतलेल्या त्यांच्या एका मित्राने त्यांना थ्री-नॉट-थ्री (.३०३) रायफलीच्या गोळीची एक रिकामी पुंगळी, म्हणजे गोळी झाडल्यावर उरणारे पितळी कवच, आठवण म्हणून दिली होती. तिच्या तोंडात छत्रीच्या मोडक्या मुठीचा वेताचा तुकडा खोचून अण्णांनी ठासणी तयार केली आणि ती जवळजवळ तीस वर्षे वापरली. ती मूठ हिवाळ्यात सैल होई. मग अण्णा वेताभोवती वर्तमानपत्राचा एक कपटा गुंडाळून ती पुन्हा घट्ट बसवीत आणि पाऊस सुरू झाला की तो कपटा काढून टाकीत. लहानपणी मला तो त्यांचा एक चाळा वाटे. त्या कपट्यामागे काय होते ते कळायला मला स्वतःच्या हातांनी पाच-सहा ठासण्या बिघडवाव्या लागल्या.

मी स्वतः पाइप ओढत नाही. अण्णांचा अखेरच्या वर्षांतला खोकला ऐकल्यावर तशी इच्छाही उरली नाही. परंतु निवृत्तीनंतर हाताला काहीतरी बारीक काम हवे होते, अण्णांची ती ठासणी खणात सापडली, आणि पाइप ओढणारे दोन-तीन स्नेही अजून ओळखीचे होते. आजवर अशा सुमारे तीस ठासण्या केल्या असतील.

प्रथम मापांविषयी लिहितो, कारण पुंगळी हाती आली की प्रत्येकाला वाटते की कोणतीही चालेल, आणि तसे नसते. साधारण पाइपच्या वाटीचा आतला व्यास १८ ते २० मिलिमीटर असतो, वापराने आत कोळशाचा पातळ थर चढतो आणि वाटी आणखी थोडी अरुंद होते. ठासणीचे बूड सपाट हवे आणि वाटीपेक्षा चार-सहा मिलिमीटरने लहान हवे, म्हणजे ते कडेला न घासता मध्यावर आणि कडेच्या आतून फिरवता येते. थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीच्या बुडाची कड १३.७ मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे जणू याच कामासाठी बेतलेली. लांबी ५६ मिलिमीटरच्या किंचित वर, त्यामुळे वाटीच्या तळापर्यंत बूड गेले तरी लाकूड वाटीबाहेर, निखाऱ्यापासून दूर राहते. पुढे सैन्यात आलेल्या ७.६२ मिलिमीटरच्या पुंगळीचे बूड १२ मिलिमीटरचे असते, तेही चालते. .३२ रिव्हॉल्व्हरची पुंगळी मात्र साडेनऊ मिलिमीटरच्या कडेची आणि जेमतेम तेवीस मिलिमीटर लांबीची असते. ती लहान वाटीच्या पाइपला ठीक, पण तिच्यात लाकूड निखाऱ्याच्या फार जवळ येते. .२२ची पुंगळी इतकी बारकी की ती तंबाखू दाबण्याऐवजी तिच्यात रुतते. आणि गावोगावी पिकांच्या राखणीसाठी असलेल्या बाराबोरी बंदुकीचे काडतूस बुडाशी बावीस मिलिमीटरच्याही वर जाते, ते वाटीत शिरतच नाही. एका हौशी भाच्याने गावाहून मोठ्या उत्साहाने अशी पिशवीभर काडतुसे आणून दिली होती. त्यांचे काय करावे हे मला अजून सुचलेले नाही.

वजनाचा मुद्दा याहून नाजूक आहे. थ्री-नॉट-थ्रीची रिकामी पुंगळी साधारण ११ ग्रॅम भरते, आणि सागवानी मूठ चारएक ग्रॅम. जाणकार पाइपवाला निखारा दाबताना हाताचा जोर लावीत नाही. ठासणी दोन बोटांत उभी धरतो, बूड तंबाखूवर टेकवतो आणि बोटे सैल सोडतो, म्हणजे जो काही भार पडेल तो ठासणीच्या स्वतःच्या वजनाचा. पंधरा ग्रॅम त्यासाठी पुरतात. मी एकदा हौसेने शिसवाची जाड मूठ लावून पंचवीस ग्रॅमची ठासणी केली होती. दिसायला देखणी होती, पण ज्या स्नेह्यांना दिली त्यांनी आठवड्याने अगदी सौम्यपणे सांगितले, "वस्तू फार छान झाली आहे हो, पण ती पाइप विझवायला जास्त उपयोगी पडते."

पुंगळ्या कुठून आणायच्या हा प्रश्न मुंबईत सोपा नाही, आणि सोपा नसावा हेही योग्यच आहे. सैन्यात किंवा छात्रसेनेच्या गोळीबार सरावात झाडलेल्या प्रत्येक गोळीची पुंगळी मोजून परत करावी लागते, त्यामुळे तिथून खिशात घालून आणण्याचा विचारही करू नये. .३०३ आणि ७.६२ हे आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर, म्हणजे बंदुकीच्या नळीची मापे, आहेत. परवान्यावर मिळतात ती .३२ रिव्हॉल्व्हर, .३१५ रायफल, बाराबोरी अशी शस्त्रे. माझ्याकडच्या बहुतेक पुंगळ्या एका परवानाधारक नेमबाज मित्राच्या .३१५ रायफलीच्या आहेत, ज्या बांध्याने थ्री-नॉट-थ्रीच्या जवळच्या, बाटलीसारख्या गळ्याच्या असतात. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये दारूगोळ्याचे किरकोळ भाग, ते पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसेल तर, कायद्याच्या तरतुदींतून वगळले आहेत. पण कलम तोंडपाठ असणे ही एक गोष्ट आणि तपासणीच्या टेबलावर ते समजावून सांगणे ही दुसरी. म्हणून पुंगळीची ठासणी विमानप्रवासात सामानात नेऊ नये, असे मी प्रत्येकाला वस्तू देतानाच बजावतो. प्रवासासाठी साध्या पितळी सळईच्या तुकड्याची वेगळी करून देतो.

पुंगळी झाडलेली आहे याची खात्री बुडाकडे पाहून करायची. बुडाच्या मध्यभागी प्रायमरची, म्हणजे दारू पेटवणाऱ्या मसाल्याची, लहान गोल टोपी बसवलेली असते आणि झाडलेल्या गोळीत तिच्यावर घोड्याच्या टोच्याचा स्पष्ट खळगा दिसतो. खळगा नसेल तर ती वस्तू हातात ठेवू नये, घासू नये, तापवू तर मुळीच नये. ती पोलिसांच्या हवाली करावी. टोपी काढून टाकण्याचा मोह मला सुरुवातीला होत असे. थ्री-नॉट-थ्रीसारख्या पुंगळ्यांत तो पुरा करणे त्रासाचे असते, कारण त्यांच्या बुडाला मध्यभागी भोक नसून बाजूला दोन बारीक भोके असतात आणि वरून खिळा घालून टोपी ढकलता येत नाही. पुंगळीत पाणी भरून तोंडात घट्ट बसणारा दांडा ठोकला की पाण्याच्या दाबाने टोपी बाहेर पडते, असा एक जुना उपाय आहे. तो मी एकदा करून पाहिला आणि काळे पाणी शर्टभर उडवून घेतले. आता टोपी तशीच ठेवतो. खळगा पडलेली ती टोपी हीच त्या वस्तूची जन्मखूण आहे, आणि बूड सपाट राहते ते वेगळे.

ते काळे पाणी मात्र गंभीर गोष्ट आहे. प्रायमरच्या मसाल्यात शिशाची संयुगे असतात आणि जुन्या मसाल्यांत पाराही असे. त्यांचा अंश पुंगळीच्या आत काजळीत राहतो. म्हणून पुंगळ्या धुण्याचे भांडे वेगळे हवे, हातमोजे हवेत, आणि धुतलेले पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत जाता कामा नये. आमच्याकडे यासाठी एक पत्र्याचे टमरेल राखून ठेवलेले आहे, आणि त्यावर सौभाग्यवतींनी लाल रंगाने फुली मारली आहे. पहिल्या दोन धुण्यांनंतर लिंबाच्या फुलाच्या म्हणजे सायट्रिक अॅसिडच्या कोमट पाण्यात पुंगळ्या दहा मिनिटे ठेवल्या की आतली बहुतेक काजळी सुटते. बाहेरून उजळण्यासाठी चिंचेचा कोळ आणि मीठ यांच्याइतके चांगले काही नाही. देवघरातली समई आणि तांब्या ज्या कोळाने उजळतात त्यानेच पुंगळीही उजळते; नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडी पुसायची, नाही तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर तांबूस डाग दिसतात.

हे मी आज इतक्या ठामपणे लिहितो आहे, पण पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला होता. चिंचेचा खटाटोप नको म्हणून काचा पुसण्याच्या एका द्रवाने सहा पुंगळ्या चकचकीत केल्या. त्या द्रवाला झोंबणारा अमोनियाचा वास होता. मग जूनच्या अखेरीस सहाही पुंगळ्यांत सागवानी मुठी अगदी घट्ट ठोकून बसवल्या आणि प्लास्टिकच्या डब्यात घालून डबा गॅलरीतल्या फळीवर ठेवून दिला. ऑक्टोबरात डबा उघडला तेव्हा तीन ठासण्यांच्या मुठी खुळखुळत होत्या आणि दोन पुंगळ्यांचे गळे उभे चिरले होते. चिरा केसासारख्या बारीक, पण तोंडापासून खांद्यापर्यंत सरळ गेलेल्या, जणू कोणी नखाने रेघ ओढावी तशा. कोणी त्यांना हात लावला नव्हता. पितळ पडून राहिल्या जागी फुटले होते.

याची उकल मला जुन्या लष्करी इतिहासात मिळाली, आणि ती आपल्याच देशातली निघाली. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत आणि दारूगोळा कोरड्या दिवसांची वाट पाहत घोड्यांच्या पागांत साठवून ठेवला जाई. पावसाळा सरल्यावर पाहावे तर पुष्कळ काडतुसांची पितळी कवचे, विशेषतः जिथे ती गोळीभोवती आवळलेली असत त्या गळ्याशी, तडकलेली सापडत. कारण बराच काळ कोणाच्या ध्यानात येईना. शेवटी १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी ते उलगडले. पुंगळीचे पितळ सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त यांचे असते, ते थंड अवस्थेत ओढून घडवलेले असल्यामुळे त्याच्या अंगात ताण कोंडलेला राहतो, आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया पावसाळी ओलीत त्या ताणलेल्या पितळावर बसला की ते कणाकणांच्या सीमेवरून तडकत जाते. ताण, ओल आणि अमोनिया ही तिन्ही एकत्र यावी लागतात. त्यातले एक नसले तर पितळ सुखरूप राहते.

माझ्या डब्यात ती तिन्ही होती. अमोनिया मी पुसून ठेवला होता, ओल मुंबईने पुरवली होती, आणि घडणीतल्या ताणात फुगणाऱ्या लाकडाने आतून भर घातली होती. (फळीच्या वरच कबुतरांचे बिऱ्हाड होते आणि त्यांच्या विष्ठेतूनही अमोनिया सुटतो. आमच्या इमारतीत कबुतरांना दाणे घालणाऱ्यांचा मोठा गट असल्याने हा मुद्दा मी सोसायटीच्या बैठकीत काढलेला नाही.) तेव्हापासून अमोनियाचा वास असलेली कोणतीही वस्तू मी पितळाजवळ येऊ देत नाही, आणि पुंगळ्या धुऊन झाल्यावर अडीचशे ते तीनशे अंश सेल्सियसवर तासभर तापवून आपोआप थंड होऊ देतो. त्यासाठी एक जुनी, खाण्याच्या कामातून बाद झालेली भट्टी आहे. एवढ्या तापाने पितळ मऊ पडत नाही, पण अंगातला कोंडलेला ताण बराचसा उतरतो.

चिरलेल्या दोन पुंगळ्यांचे कोडे असे सुटले, पण सैल झालेल्या तीन मुठींचे उरलेच. ते सोडवले आमच्या मागच्या गल्लीतल्या कातारीबुवांनी. ते मूळचे सावंतवाडीकडचे, कातकामात हयात गेलेली. पूर्वी खेळणी आणि पाळण्याचे खूर कातीत, आता मुख्यतः देवघरांचे खांब कातून देतात. मी त्यांना सैल ठासणी दाखवून म्हटले, "बुवा, जूनमध्ये हातोडीने ठोकून बसवली होती. हलत नव्हती. आता ही दशा."

त्यांनी ती दोन बोटांत धरून कानाशी हलवली आणि विचारले, "गावी कुदळीचा दांडा सैल झाला तर काय करता?"

"पाण्यात ठेवतो रात्रभर."

"आणि चार दिवसांनी?"

चार दिवसांनी तो आधीपेक्षा जास्त सैल होतो, हे मलाही ठाऊक होते. त्याचे कारण कधी विचारले नव्हते. बुवांनी ते त्यांच्या भाषेत सांगितले, "लाकडाला फुगायचं असतं आणि लोखंड फुगू देत नाही. मग लाकूड आतल्या आत चेपतं. चेपलेलं ते पुन्हा उठत नाही." घरी येऊन मी हिशेब करून पाहिला. सागवान हे आपल्याकडच्या स्थिर लाकडांत गणले जाते. ओले लाकूड पूर्ण सुकेपर्यंत ते आडव्या अंगाने, वर्षवलयांच्या दिशेत, सुमारे पाच टक्के आटते आणि लांबीत जवळजवळ आटतच नाही. मुंबईत कोरड्या महिन्यांत घरातल्या लाकडात बारा टक्क्यांच्या आसपास पाणी धरले आणि भर पावसाळ्यात अठरा टक्के, तर आठ मिलिमीटर जाडीच्या सागवानी दट्ट्यात, म्हणजे मुठीच्या पुंगळीत शिरणाऱ्या टोकात, पडणारा फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी येतो, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीएवढा. पण पितळी गळ्याला तो एक केसही सामावून घेता येत नाही. लाकूड पितळाविरुद्ध फुगते, त्याचे तंतू चिरडतात, आणि ऑक्टोबरात ते सुकू लागते तेव्हा मूळच्या मापापेक्षा बारीक होते. जूनमध्ये मी जितके घट्ट ठोकले होते तितकेच ते ऑक्टोबरात सैल होणार होते. अण्णांचा कपटा नेमकी तीच जागा भरून काढीत होता.

म्हणून आता मूठ ठोकून बसवायची नाही, हा माझा नियम झाला आहे. लाकूड मी दारूखान्याच्या बाजूच्या जुन्या लाकडाच्या वखारींतून आणतो. हार्बर मार्गावरच्या रे रोड स्थानकात उतरून चालत गेले की या वखारी लागतात. (दारूखाना या नावातली दारू बंदुकीची आहे, बाटलीतली नव्हे, पुंगळ्यांच्या कामासाठी लाकूड तिथूनच यावे याची मला गंमत वाटते.) जुन्या इमारतींच्या चौकटी, तुळया आणि कठडे तिथे पडलेले असतात. साठ-सत्तर वर्षे मुंबईचे पावसाळे पाहिलेले सागवान नव्या लाकडापेक्षा शांत असते असा माझा अनुभव आहे, आणि मला लागणारा तुकडा बोटभराचा असल्यामुळे वखारवाले बहुधा पैसेही घेत नाहीत, चहा मात्र पाजतात. शिसव कातायला सुंदर, पण वजनाचे पाहावे लागते. आंब्याचे लाकूड मी दोनदा वापरले आणि सोडले, कारण ते पावसाळ्यात इतके फुगते की हिशेबच लागत नाही.

मूठ कातण्याचे काम बुवांच्या लेथवर होते आणि मी फक्त शेजारी उभा राहून माप सांगतो. मुठीच्या टोकाचा दट्ट्या पुंगळीच्या तोंडापेक्षा चांगला अर्धा मिलिमीटर बारीक ठेवतो, त्याच्या अंगावर कानशीने दोन-तीन खाचा पाडतो, आणि जोडणी जानेवारी-फेब्रुवारीतच करतो, जेव्हा लाकूड वर्षातले सर्वांत सुके असते. मधली जागा लाखेने भरतो. सुऱ्या-कोयत्यांच्या मुठी पूर्वी लाखेनेच बसवीत. मी नवे काही केलेले नाही. चपडा लाख कुटून पुंगळीत अर्ध्यापर्यंत भरायची, पुंगळी स्पिरिटच्या दिव्यावर चिमट्याने फिरवीत तापवायची, लाख वितळून मधासारखी झाली की मूठ हलकेच आत सारायची. तोंडाशी लाखेचा एक गोल, तांबूस थेंब वर येतो आणि क्षणभर थरथरतो. तो तसाच गोठू द्यायचा आणि गार झाल्यावर पटाशीने काढायचा. घाईने फडक्याने पुसला तर लाकडावर डाग राहतो तो राहतोच. बाटलीसारख्या पुंगळीचा फायदा इथे कळतो. गळा अरुंद आणि पोट रुंद असल्यामुळे पोटात गोठलेली लाख गळ्यातून बाहेर येऊ शकत नाही, आणि दट्ट्याच्या खाचांत शिरलेली लाख मुठीला सोडत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगले तर लाखेच्या थरात थोडे सरकायला जागा मिळते. कधी काळी सैल झालीच तर पुन्हा दिव्यावर धरायची.

अॅराल्डाइट लावले असते तर हे सगळे दहा मिनिटांत उरकले असते, आणि .३२च्या आखूड पुंगळीत मी तेच लावतो, कारण लाख सत्तर-पंचाहत्तर अंशांलाच मऊ होते आणि तिथे निखारा फार जवळ असतो. लांब पुंगळीत मात्र बूड निखाऱ्यावर दोन-तीन सेकंद टेकते, तेवढ्यात गळ्यापर्यंत उष्णता पोहोचत नाही. अॅराल्डाइटने बसवलेली मूठ मोडली की पुंगळीसकट टाकावी लागते, हे मला पटत नाही.

उरलेले काम किरकोळ आहे. बुडाची कड बारीक कानशीने आणि पॉलिश पेपरने गोल करावी लागते, नाहीतर ती वाटीच्या आतला कोळशाचा थर खरवडते, आणि तो थर पाइपवाल्याला जिवापलीकडे असतो. मुठीला जवसाच्या तेलाचे दोन हात, मग मेण. बुडावरच्या अक्षरांना मी कानस लावीत नाही. त्यांच्यात राख भरते अशी एका स्नेह्याची तक्रार आहे. जुना दातांचा ब्रश फिरवला की ती निघते.

अण्णांच्या पुंगळीच्या बुडावर के, एफ, ४३ आणि रोमन सात अशी मोहर आहे. के एफ म्हणजे खडकी, जिला इंग्रज किरकी म्हणत. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. ४३ हे सन, सात हा काडतुसाचा प्रकार. ती मी भिंगातून तपासली आहे, गळ्यावर एकही चीर नाही. वेताचा तुकडा कधी ठोकला गेला नव्हता, नुसता कपट्याच्या आधाराने खोचलेला होता, त्यामुळे पितळावर आतून ताण आलाच नसावा. मित्रांच्या लांब पुंगळीच्या ठासण्या लाखेने बसवून दिल्या, पण या एकीत मी लाख भरलेली नाही. यंदा दिवाळीनंतर ती सैल झाली, तेव्हा सकाळच्या वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, दोन वेढे दिले, आणि मूठ परत आत सारली. पाऊस पडेपर्यंत तो राहील.